रांजण भरणारे हात

शास्त्रपाठ : योहान २:१–११. मुख्य ओवी ९.



गालीलातील काना गावच्या लग्नाचा वृत्तांत आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. द्राक्षारस संपला, आईने ती गोष्ट प्रभूच्या कानी घातली, आणि प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. परंतु योहानाने ह्या वृत्तांतात एक बारीकशी गोष्ट नमूद करून ठेविली आहे. तिजकडे आज आपण लक्ष देऊ या. भोजनकारभाऱ्याने तो रस चाखला, पण तो कोठून आला हे त्यास कळले नाही. नवरदेवाची वाहवा झाली, पण त्याने तर काहीच केले नव्हते. पाहुणे पोटभर प्याले आणि घरोघर गेले. त्या लग्नघरातील माणसांपैकी खरी गोष्ट कोणास माहीत होती? ज्या चाकरांनी पाणी ओढून आणिले होते त्यांस. शास्त्र हे मुद्दाम सांगते.

मे महिन्याच्या सुटीत आपल्या प्रांतात ठिकठिकाणी मुलांची व तरुणांची ख्रिस्ती शिबिरे भरतात. कोठे डोंगरावर, कोठे शाळेच्या आवारात, कोठे आमराईत. शिकावयास येणाऱ्या मुलांबरोबर तेथे काम करणारेही लागतात. पहाटे पाणी भरावयाचे, तांदूळ निवडावयाचे, चूल पेटवावयाची, भांडी घासावयाची, संडासासाठी चर खणावयाचे, आणि रात्री सतरंज्यांवर निजलेली मुले मोजावयाची. ह्या कामासाठी पाळकाने एखाद्या तरुणाचे नाव घेतले की घरात कुरबुर सुरू होते. “आमचा मुलगा एवढा शिकला तो पाणी वाहावयास काय?” असे एका बापाने विचारिल्याचे मी ऐकिले आहे. त्या प्रश्नास उत्तर दिले पाहिजे, आणि ते ह्या शास्त्रभागात आहे असे मला वाटते.

पहिली गोष्ट ही की, सेवा करणाऱ्यास प्रभूचे काम जवळून पाहावयास मिळते.

तेथे दगडाचे सहा रांजण होते. एकेकात आजच्या मापाने सुमारे ८० ते १२० लिटर पाणी मावत असे. म्हणजे सहांत मिळून ४८० ते ७२० लिटर. रांजण रिकामे होते असे धरिले आणि बारा लिटरांची कळशी घेतली, तर चाळीस ते साठ खेपा झाल्या. आपल्या बायाबहिणींस ह्या हिशेबाचा अर्थ सांगावयास नको. लग्नाची गर्दी चाललेली, आणि पाहुण्यांस हवा द्राक्षारस, तर हुकूम झाला पाणी भरण्याचा! त्या चाकरांस हे काम वेडेपणाचे वाटले असेल. तरी त्यांनी रांजण अर्धे सोडिले नाहीत, काठोकाठ भरिले. चमत्कार प्रभूने केला, पण त्यांच्या शेवटच्या खेपेपर्यंत तो थांबला.

शिबिरातही असेच होते. शिबिरार्थी बोध ऐकतो आणि त्याचे चांगले होते. पण जो घंटेपूर्वी उठून चुलीपाशी बसला त्यास आणखी काही दिसते. पहिल्या दिवशी आईवाचून रडणारा मुलगा पाचव्या दिवशी दुसऱ्या रडणाऱ्याची समजूत घालीत आहे, हे तो पाहतो. ज्या दोन मुलांच्या घरांत बांधावरून तंटा आहे ती एका ताटात जेवीत आहेत, हे वाढणाऱ्याच्या दृष्टीस पडते, व्यासपीठावरील उपदेशकाच्या पडत नाही.

पूर्वीच्या देवभक्तांची शाळाही हीच होती. एलीयाच्या हातांवर पाणी घालणारा, अशीच अलीशाची ओळख राजांपुढे करून देण्यात आली (२ राजे ३:११). बाळ शमुवेलास देवाची वाणी ऐकू आली, त्यानंतर सकाळी उठून त्याने काय केले? परमेश्वराच्या घराची दारे उघडिली (१ शमुवेल ३:१५). ज्याने देवाचा शब्द ऐकिला त्याला दार उघडण्याचे काम हलके वाटले नाही.

दुसरी गोष्ट ही की, सेवा निराळी आणि वेठ निराळी.

त्या बापाचा प्रश्न केवळ गर्वाचा आहे असे मी म्हणणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी गावकीची कामे पिढ्यान्‌पिढ्या केली. सांगावा नेणे, सरकारी अंमलदारांचे ओझे वाहणे, मेलेले जनावर ओढणे, ही कामे त्यांनी आपखुशीने पतकरिली नव्हती. जन्मानेच ती त्यांच्या माथी मारिली होती. ती कनिष्ठ वतने मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. पण कायद्याने वतन जाते, मनातील सल लगेच जात नाही. आणि पाण्याविषयी तर काय सांगावे! ज्यांस गावच्या पाणवठ्याची पायरी चढू देत नसत, ज्यांस सार्वजनिक तळ्याचे पाणी घेता यावे म्हणून डॉ. आंबेडकरांस १९२७ साली महाडास चवदार तळ्यावर जावे लागले, त्यांच्या नातवास कोणी “पाणी भर” म्हटले तर त्याच्या कपाळास आठी पडणे साहजिक आहे. जे लोक सेवेचा उपदेश करितात त्यांनी हे विसरू नये.

मग भेद कोठे आहे? योहानाच्या तेराव्या अध्यायात तो स्पष्ट दिसतो. शिष्यांचे पाय धुण्यापूर्वी येशूच्या मनात काय होते हे तेथे तिसऱ्या ओवीत सांगितले आहे. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो व देवाकडे जात आहो, हे तो जाणून होता. आणि हे जाणूनच तो उठला व त्याने रुमाल कमरेस बांधिला. वेठीत मनुष्य वाकतो, कारण दुसऱ्याने त्यास नीच ठरविले असते. सेवेत मनुष्य वाकतो, कारण आपण देवाचे लेकरू आहो ह्याविषयी त्याची खात्री असते, आणि ती खात्री वाकल्याने मोडत नाही. वेठ मागितली जाते. सेवा दिली जाते. म्हणून बाबा, तुझा मुलगा शिबिरात कळशी उचलील ती गुलामाची कळशी नव्हे. त्या विहिरीवर सर्वांच्या घागरी एकाच दोराने खाली जातात.

परंतु येथे शिबिर चालविणाऱ्यांसही एक शब्द. भांडी घासावयास रोज गरिबाचीच मुले आणि पाटावर रोज पाळकाचा व मास्तरांचा मुलगा, असे जेथे चालते तेथे सेवेचे नाव घेऊन वेठच चालली आहे. ह्यास उपाय सोपा आहे. पहिल्या संध्याकाळी सर्व कामांच्या चिठ्ठ्या कराव्या आणि सर्वांनी त्या उचलाव्या, पुढाऱ्यांनीही. ज्या दिवशी प्रवचन सांगणारा पाळक चर बुजविण्याची चिठ्ठी उचलून निमूटपणे फावडे घेतो, त्या दिवशी तेराव्या अध्यायाचे निराळे विवरण करावे लागत नाही.

तिसरी गोष्ट ही की, सेवेत आपले अंतःकरण आपणांस दिसू लागते, आणि तेथूनच वाढ सुरू होते.

घरी आपण स्वतःस शांत स्वभावाचे समजतो. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी ऊन तापलेले असते, झोप अपुरी झालेली असते, एक मुलगा अंथरूण भिजवितो, दुसरा ताटात भाकरी टाकून देतो, तिसरा दहाव्यांदा तोच प्रश्न विचारितो. मग आपला खरा स्वभाव बाहेर येतो. तरुण सेवक रागाने बोलून जातो आणि रात्री त्याचे मन त्यास खाते. सकाळी तो जाऊन त्या लहानग्यास “माझे चुकले” असे म्हणतो. बंधूंनो, ह्या एका वाक्यात जी वाढ आहे ती पुष्कळ दिवसांच्या पाठांतराने होत नाही. प्रार्थनेचेही तसेच. पूर्वी तो “सर्व लोकांस आशीर्वाद दे” एवढेच म्हणत असे. आता त्याच्या गटात आठ मुले आहेत, तर तो आठ नावे घेऊन प्रार्थना करितो. कोणाची आई आजारी, कोणाचा बाप दारूत, हे त्यास ठाऊक झाले आहे. शास्त्राचेही तसेच. मुलाने “देव दिसत नाही तर ऐकतो कसा?” असे विचारिले म्हणजे आपणांस किती थोडे समजते हे कळते, आणि पुस्तक पुनः उघडावे लागते.

जुन्या उदाहरणांवरूनही हेच दिसते. अमेरिकेत समनर डडली नावाच्या तरुणाने १८८५ साली सात मुलांस घेऊन न्यूयॉर्क संस्थानातील एका तळ्याकाठी तंबू दिला. १८९७ साली तो वारला, पण ते शिबिर त्याच्या नावाने अद्याप चालते. आधी दुसऱ्याचा विचार, मग आपला, असे त्याचे ब्रीद आहे. आणि तेथे आलेली मुले मोठी होऊन तेथेच सेवक होतात. आपल्या इकडे पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून उपाशी मुली आणिल्या आणि केडगावास त्यांस आसरा दिला. ते सुटीतले शिबिर नव्हते. मरणाच्या दारातून आलेल्या लेकरांचा तो तळ होता. त्या मुलींस न्हाऊमाखू कोणी घातले? अक्षरे कोणी शिकविली? बाईंना साह्य झाले ते शारदा सदनात आधी शिकलेल्या मुलींचे. काल ज्यांनी आसरा घेतला होता त्याच आज आसरा देणाऱ्या झाल्या. घेणारा हात देणारा होतो तेव्हा मनुष्य वाढला असे समजावे.

चवथी गोष्ट ही की, डोंगरावरून खाली उतरावेच लागते.

येथे दोन धोके आहेत. एक मार्थेचा. ती प्रभूसाठीच राबत होती, पण राबता राबता तिची चित्तशांती गेली आणि ती बहिणीवर रागावली (लूक १०:३८–४२). म्हणून शिबिरात काम कितीही असो, सेवकांस पहाटेची एकांत प्रार्थना चुकू देऊ नये. त्या वेळी पुढाऱ्याने स्वतः चुलीपाशी बसून त्यांस मोकळे करावे. ज्याने स्वतः पाणी प्यावयाचे नाही असे ठरविले तो दुसऱ्यांचे रांजण किती दिवस भरणार?

दुसरा धोका पेत्राचा. डोंगरावर प्रभूचे तेज पाहून त्यास तेथेच मंडप घालून राहावेसे वाटले (मार्क ९:५). पण खाली एक बाप आपल्या पिडलेल्या मुलास घेऊन वाट पाहत उभा होता, आणि प्रभू खाली उतरला. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती गाणी होतात, डोळे पाणावतात, निश्चय होतात. दुसऱ्या दिवशी मोटार गावच्या फाट्यावर सोडून जाते, आणि तेथे तेच घर, तीच भांडणे, तीच पाण्याची टंचाई. शिबिरात पन्नास जणांची भांडी हसत घासणाऱ्या मुलाने घरी आईच्या हातची घागर घेतली नाही, तर तो डोंगरावरच राहिला असे म्हणावे लागेल.

म्हणून उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावचा तरुण शिबिरातून परत आला म्हणजे त्याजकडून नुसती साक्ष ऐकून त्यास बसवू नका. त्याच आठवड्यात त्यास काम द्या. रविवारच्या शाळेतील पाच मुले द्या, मंदिराची किल्ली द्या, आजाऱ्याच्या घरी आपणांबरोबर न्या. आईबापांनो, मुलास पाठविताना त्याच्या मानाची चिंता करू नका. ज्याचा मान ख्रिस्ताने राखिला आहे त्याचा कळशीने जात नाही. परंतु त्यास तेथे न्यायाने वागवितात की नाही हे मात्र अवश्य विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि तरुणांनो व मुलींनो, आपल्या कामाचे नाव कोणी घेतले नाही म्हणून कष्टी होऊ नका. काना गावच्या त्या चाकरांची नावे शास्त्रात नाहीत. भोजनकारभाऱ्याने त्यांची स्तुती केली नाही. त्याने नवरदेवाची केली. तरी त्या दिवशी त्यांस जे मिळाले ते यजमानास मिळाले नाही. आपण ओतिलेल्या साध्या पाण्याचे प्रभू काय करितो हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

आपल्यापाशी द्राक्षारस नाही. विद्या थोडी, पैसा थोडा, वक्तृत्वही थोडे. पण पाणी आहे, आणि हात आहेत. प्रभू एवढेच मागतो. ज्याच्या त्याच्या वाट्यास आलेला रांजण काठोकाठ भरण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो. आमेन.