अर्धे राहिलेले काम

शास्त्रपाठ : योहान ४:३५-३८



शोमरोनातील विहिरीपाशी प्रभूने शिष्यांपुढे पिकलेल्या शेताचा दाखला ठेवला. त्याचा भाव असा की, देवाच्या कामात कोणी एकटा नसतो. एकाने घाम गाळावा व दुसऱ्याने खळे करावे, आणि आनंद मात्र दोघांचा असावा. ह्या वचनाचा अर्थ उमगावा म्हणून आज एका लष्करी अंमलदाराच्या चरित्राकडे आपण लक्ष देऊ.

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडात झाला. १८२२ साली ते कंपनी सरकारच्या फौजेत शिरून मुंबई इलाख्यात आले. हाताखालच्या शिपायांची बोली समजल्यावाचून काम नीट होत नाही, हे पाहून ते मराठी शिकले. त्या वेळी मोल्सवर्थ नावाचे दुसरे अंमलदार मराठीचा मोठा कोश रचीत होते. कँडीसाहेब व त्यांचे बंधु जॉर्ज त्यांस जाऊन मिळाले. पंडितांस बरोबर घेऊन, लोकांच्या तोंडचा शब्द न् शब्द टिपून, १८३१ साली तो कोश प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याचा, कुणबिणीचा, कारागिराचा शब्द त्यांनी हलका मानला नाही.

पुढे इंग्रजी-मराठी कोशाचे काम मोल्सवर्थसाहेबांनी आरंभिले; परंतु प्रकृती खालावल्यामुळे त्यांस स्वदेशी जावे लागले. काम अर्धे राहिले. ते कँडीसाहेबांनी उचलले व १८४७ साली तडीस नेले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आरंभ करणाऱ्याचे नाव आधी, आणि पुरे करणाऱ्याचे नाव मागून. ह्यात त्यांस उणेपणा वाटला नाही.

पलटणीतील हुद्दा राहिला, शेवटी मेजरही झाले. पण हातचे काम पालटले. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेवर त्यांची नेमणूक झाली. शाळांसाठी त्यांनी पुस्तके सिद्ध केली. वाचणाऱ्याने कोठे थांबावे व कोठे श्वास घ्यावा, हे दाखविणारी विरामचिन्हे मराठीत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जोतीराव फुले यांनी मुलींसाठी व अस्पृश्य मानलेल्या लेकरांसाठी शाळा काढिल्या, तेव्हा १८५२ साली विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. कँडीसाहेबांच्या मराठीस इंग्रजीचा वास येतो, असा दोष पुढील लेखकांनी दिला, आणि तो अगदीच खोटा नव्हे. तरी १८७७ साली महाबळेश्वरी देह ठेवीपर्यंत त्यांनी ही सेवा सोडली नाही.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या नगर जिल्ह्यातही पेरणारे पुष्कळ होऊन गेले. मिस फॅरार १८३९ साली नगरास आल्या व १८६२ साली मरेपर्यंत मुलींस शिकवीत राहिल्या. त्यांनी लाविलेल्या झाडाचे फळ खाणारांपैकी कितीजणांस त्यांचे नाव ठाऊक आहे?

बंधो उपदेशका, तुझी नव्या गावी बदली होते. तेथे पूर्वीच्या भावाने चार मुलांस बाराखडीपर्यंत आणिलेले असते, एखाद्या विधवेस वाचनाची गोडी लाविलेली असते. तू काय करितोस? "मागल्याने काहीच केले नाही," असे म्हणून पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा करितोस, की त्याच अक्षरापासून पुढे शिकवितोस? आणि मंडळीतील वडील माणसांनो, नव्या उपदेशकास पहिल्याच रविवारी जुन्याच्या तराजूत तोलून त्याचे मन मोडू नका.

रात्री कंदिलापाशी बसून एका मजुराला अक्षर ओळखविणे हे व्यासपीठावरील उपदेशाहून कमी नव्हे. ज्यास वाचता येते त्यास सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवावा लागत नाही, आणि देवाचे वचन त्याला दुसऱ्याच्या तोंडून मागावे लागत नाही.

म्हणून येत्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या मंडळीत कोणाचे तरी अर्धे राहिलेले एक काम शोधावे, ते हाती घ्यावे, आणि ज्याने आरंभ केला त्याचे नाव आदराने घ्यावे. कापणीचा धनी दोघांसही ओळखतो. आमेन.