जब्दीच्या होडीतली इतर माणसे

सागरी रविवार : चिंतन
शुभवर्तमान : मार्क 1:16-20



जुलै महिन्याचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा दर्यावर्दी, मच्छीमार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखून ठेवते. आपल्या किनाऱ्यावर हे दिवस मासेमारी बंदीचे. होड्या वर ओढलेल्या आहेत, जाळी दुरुस्तीला काढली आहेत आणि एरवी रविवारीही समुद्रावर असणारे आपले भाऊ आज मिस्साबलीला आपल्या शेजारी बसले आहेत. त्यांच्यासह आज आपण एका होडीचे चिंतन करू या.

गालील सरोवराच्या काठाने जाताना प्रभू येशूने याकोब व योहान यांना हाक मारली. ते वडिलांना होडीत सोडून त्याच्यामागे गेले. पाचारणाच्या रविवारी हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. आपले लक्ष नेहमी त्या दोन भावांकडे जाते, फार तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या जब्दीकडे. पण संत मार्क येथे एक तपशील देतो, जो संत मत्तय देत नाही. जब्दी होडीत एकटा नव्हता. त्याच्याबरोबर मोलाने ठेवलेली माणसे होती. ती कोण, कोणत्या गावची, त्यांच्या घरी कोण वाट पाहत होते, याविषयी एक शब्दही नाही. मुलगे निघून गेल्यावर मात्र जब्दीचे जाळे याच माणसांनी ओढले असणार. त्यांच्या कष्टांशिवाय ती होडी दुसऱ्या दिवशी पाण्यात गेली नसती.

या निनावी माणसांचा विचार करताना आपण थोडे दूर, भूमध्य समुद्रावरील एका बंदरात जाऊ या. इटलीच्या सिसिली बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला माझारा देल वाल्लो नावाचे गाव आहे. माझारो नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे तिच्या मुखातच धक्का आहे आणि नदीच्या दोन्ही अंगांना बोटी बांधलेल्या असतात. गावाचे आश्रयदाते संत व्हितस. गाव लहान, पण इटलीच्या मोठ्या मच्छीमार ताफ्यांपैकी एक येथला आहे. येथली तांबडी कोळंबी दूरवर नावाजली जाते. ही कोळंबी उथळ पाण्यात मिळत नाही. त्यासाठी जाळे कित्येकशे मीटर खोल सोडावे लागते आणि ट्रॉलर आफ्रिकेच्या किनाऱ्याच्या दिशेने दूर न्यावे लागतात. बोट एकदा निघाली की कित्येक आठवडे परतत नाही. जाळे वर आले की खलाशी आकाराप्रमाणे माल निवडतात, बोटीवरच गोठवतात, खोक्यांत भरतात आणि पुन्हा जाळे सोडतात. रात्र आणि दिवस यांत फारसा फरक उरत नाही. हे काम कसे असते, ते आपल्या नाखवांना आणि तांडेलांना वेगळे सांगायला नको.

या कामाला माणसे कुठून आणायची? सिसिलीचे कितीतरी तरुण चांगल्या रोजगारासाठी उत्तर इटलीत आणि परदेशी गेले. म्हणून 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून समुद्रापलीकडच्या ट्युनिशियातून खलाशी येऊ लागले. पुष्कळ जण माहदिया या मच्छीमार गावचे होते. माझाराच्या जुन्या भागातील मोडकळीला आलेली घरे सोडून स्थानिक लोक नव्या वस्तीत गेले होते. त्या रिकाम्या घरांत हे खलाशी राहू लागले. त्या भागाला आजही कास्बा म्हणतात. तेथे मशीद आहे, अरबी शाळा आहे. बोटीवर सिसिलीचा ख्रिस्ती आणि ट्युनिशियाचा मुसलमान एकच दोर ओढतात, एकाच भांड्यातले जेवतात. धक्क्यावर उतरल्यावर मात्र दोघांच्या वाटा बहुधा वेगळ्या होतात. एका होडीत बसणे आणि एकमेकांच्या अंगणात बसणे यांत किती अंतर असते, हे आपणही जाणतो.

1 सप्टेंबर 2020 रोजी या गावावर संकट आले. माझाराच्या 'मेदिनेआ' आणि 'अंतार्तिदे' या दोन बोटी लिबियाच्या पूर्व भागातील सशस्त्र दलाने समुद्रात पकडल्या आणि 18 जणांना बेनगाझीला नेऊन डांबले. लिबिया आपल्या किनाऱ्यापासून 74 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर हक्क सांगतो. इटलीला तो मान्य नाही. दोन सरकारांचा वाद, आणि कोठडीत मात्र जाळे ओढणारी माणसे! त्या 18 जणांत 8 इटलीचे होते, 6 ट्युनिशियाचे, 2 इंडोनेशियाचे आणि 2 सेनेगलचे. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे परमुलखातून पोटासाठी आलेली होती.

आता घरच्या लोकांनी काय केले ते पाहा. बायका, आया, बहिणी रोमला गेल्या आणि संसदेसमोरच्या चौकात ठाण मांडून बसल्या. त्यांत सिसिलीची कुटुंबे होती आणि ट्युनिशियाचीही. इटलीचे सरकार आधी आपल्या 8 नागरिकांपुरते बोलले असते, तर कायद्याने कोणी फारसे बोट ठेवले नसते. पण घरच्यांची मागणी 18 जणांची होती. माझाराचे तेव्हाचे बिशप दोमेनिको मोगावेरो या कुटुंबांच्या पाठीशी उभे राहिले. 18 ऑक्टोबर 2020 रोजी, मिशन रविवारी, पोप फ्रान्सिस यांनी देवदूताच्या प्रार्थनेच्या वेळी या मच्छीमारांची आठवण केली, कुटुंबांना धीर दिला आणि चौकात जमलेल्या भाविकांसह मौन राखून प्रार्थना केली. शंभरहून अधिक दिवसांनी, 17 डिसेंबरला, सर्वांची सुटका झाली. 20 डिसेंबरला दोन्ही बोटी माझाराच्या धक्क्याला लागल्या. तो आगमनकाळाचा चौथा रविवार होता. त्या दिवशी धक्क्यावर आनंदाश्रू ढाळणाऱ्या घरांत नाताळची तयारी करणारी घरे होती आणि नाताळ न पाळणारीही होती.

भाविकहो, या घटनेतून आपण काय घ्यावे? जे जाळे ओढण्यासाठी आपले आहेत, ते संकटाच्या दिवशीही आपलेच आहेत, असे माझाराच्या त्या स्त्रियांनी मानले. कामापुरते आपले आणि दुःखात परके, अशी वाटणी त्यांनी केली नाही. माणसे मोजताना त्यांनी पारपत्र पाहिले नाही. आठ आणि दहा अशी बेरीज त्यांनी मांडलीच नाही. त्यांच्या हिशेबात पहिल्यापासून अठराच होते.

आपला हिशेब कसा आहे? वसईपासून उत्तनपर्यंत आपल्या बोटींवर आज कितीतरी खलाशी बाहेरचे आहेत. आपली मुले शिकली, कार्यालयांत गेली, आखातात गेली, बोटींवर गेली. त्यांची जागा दुसऱ्यांच्या मुलांनी घेतली. आपल्या वाडीत, घरबांधणीवर, आजारी आईवडिलांच्या उशाशीही अशीच दुसऱ्यांची मुले आणि मुली राबत आहेत. त्यांना आपण पगार देतो, सणाला कपडे देतो. पण त्यांच्यापैकी किती जणांचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे? बोटीवर अपघात झाला, तर त्याच्या घरी कोणाला कळवायचे, हे आपण कुठे लिहून ठेवले आहे काय? विमा उतरवताना बोटीचा उतरवतो. त्याचा उतरवतो काय? पालघर जिल्ह्यातील गरीब आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर गेले आणि सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात पडले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. त्यांच्यासाठी आपल्या प्रार्थनासभेत कधी एखादी विनंती झाली काय?

कोणी म्हणेल, आम्ही मजुरी चुकती करतो, आणखी काय करायचे? मजुरी चुकती करणे हा न्याय आहे आणि तो पहिला. अनेक ठिकाणी तोही होत नाही. पण प्रभू येशू होडीजवळ येतो तेव्हा तो केवळ होडीच्या मालकाच्या मुलांना पाहतो आणि मोलकऱ्यांवरून त्याची नजर घसरून जाते, असे आपण मानू शकतो काय? शुभवर्तमानात त्यांची नावे नसतील. पण ज्या पित्याने आपल्या डोक्यावरचे केससुद्धा मोजले आहेत, त्याच्याजवळ ती नक्कीच आहेत.

बंदी उठेल, होड्या पाण्यात जातील. त्यापूर्वी या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. आपल्याकडे राबणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव आणि घरच्यांचा संपर्क लिहून ठेवू या. त्याच्या विम्याची आणि थकलेल्या मजुरीची चौकशी करू या. आणि एक दिवस त्याला आपल्या पंगतीला बसवू या, वेगळ्या ताटात वेगळ्या जागी नव्हे, आपल्या शेजारी.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू मच्छीमारांच्या होडीत बसलास आणि त्यांच्याबरोबर वादळ सोसलेस. समुद्रावर असलेल्या, हद्दींच्या वादात अडकलेल्या आणि कोठडीत दिवस मोजणाऱ्या सर्व खलाश्यांना तुझ्या हाती सोपवतो. आमच्या होडीतल्या प्रत्येकाला आपला म्हणण्याची बुद्धी आम्हांला दे. हे सागरतारके मारिये, सर्वांना सुखरूप धक्क्याला आण. आमेन.