कापलेला अवयव

आठवीत कळंबला गुरुजींनी फळ्यावर (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) लिहिलं. अवयव पाडून मी क्ष − ३ कापला. उरलं क्ष + ३. "आता क्षची किंमत ३ ठेव," ते म्हणाले. माझ्या उत्तरात ६ आले, मूळ राशीत मात्र वर-खाली शून्य! म्हणून शेजारी अट लिहायची: क्ष ≠ ३.

भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं, तिला सृष्टी-प्रलयातही न बदलणाऱ्या अच्युताची उपमा दिली. आमच्याकडे तर वरही शून्यच होतं.

यंदा मी आणखी एक अवयव कापला: वावर मुलाच्या नावे केलं. कळंबच्या चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना वाटलं, सुटलो. पण पाऊस लांबला की पऱ्हाटीच्या काळजीने अजून झोप उडते. कापलेला अवयव अट ठेवून जातो. सोडलं म्हणणाऱ्याने ती प्रामाणिकपणे लिहावी.