धाक आणि विश्वास : कोवळ्या घोड्याचा धडा

॥ जय गुरुदेव ॥


आपल्या पर्वत पाटियातल्या खानदेशी घरांना सारंगखेड्याची यात्रा वेगळी सांगायला नको. नंदुरबार जिल्ह्यात, आपल्याच तापीमाईच्या काठी, दत्तजयंतीला ही यात्रा भरते आणि सोबत घोड्यांचा मोठा बाजार. तिथे दोन घोडे शेजारी शांत उभे असतील. एक मार खाऊन गप्प झालेला, दुसरा माणसावर विश्वास ठेवून उभा. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच दिसतात. मग धाकाने वळवलं काय आणि विश्वासाने वळवलं काय, फरक तो कुठे पडतो?

हा प्रश्न घोड्याचा कमी आणि आपल्या घराचा जास्त आहे.

घोडा मुळात भित्रा प्राणी. भीती वाटली की पळणं, हाच त्याचा स्वभाव. साधारण तीन वर्षांचा होईपर्यंत जाणते लोक त्याच्यावर स्वार बसवत नाहीत, कारण हाडं कोवळी असतात. आधी हाताची सवय, मग खोगिराची, मग वजनाची. लगामाची कडी त्याच्या तोंडात, दात नसलेल्या नाजूक जागी बसते. स्वाराने लगाम किंचित ओढला आणि घोडा वळला, की त्याच क्षणी हात सैल करायचा. घोडा शिकतो तो या सैल होण्यातून. वळल्यावरही ओढतच राहिलं तर तो एकच गोष्ट शिकतो : ऐकूनही सुटका नाही. मग एक तर तो उधळतो, नाही तर आतून विझून जातो.

आपल्या घरात काय होतं? मुलगा अभ्यासाला बसला तरी, “आज कसा बसलास?” सुनेने सांगितलेलं केलं तरी, “हे आधी कळलं नाही का?” वळल्यावरही लगाम ओढलेलाच!

काहीजण म्हणतील, धाक नसला तर मुलं डोक्यावर बसतील. खरं आहे. लगाम काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. बिनलगामी घोडा स्वारालाही पाडतो आणि स्वतःही पडतो. प्रश्न लगामाचा नाही, हाताचा आहे.

कठोपनिषदात इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटलंय. आपण त्यातून फक्त “घोडे आवरा” एवढंच घेतो. पण लगाम म्हणजे आपलं मन! ते रागाने थरथरत असेल तर तो थरथराट थेट समोरच्याच्या तोंडाला झोंबतो. म्हणून धडा घोड्याआधी स्वाराचा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसच्या झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं, त्यातही रागाच्या भरात घोड्याशी वागू नये असंच सांगितलंय.

आणि फरक कुठे पडतो? संकटात पडतो. लग्नसराईत वरातीत फटाका फुटला की विश्वासातला घोडा स्वाराचा आवाज शोधतो. धाकातला घोडा स्वारापासूनच पळू बघतो, कारण त्याला दोन्हीकडे भीतीच दिसते. परीक्षेत नापास झालेलं लेकरू आधी आपल्याकडे येईल की आपल्यापासून लपेल, हे त्या दिवशी ठरत नाही. ते आज, लगाम सैल करण्याच्या क्षणी ठरतं.

या आठवड्याची सेवा : घरात कुणी आपलं ऐकलं, की पुढचं वाक्य टोचून बोलायचं नाही. “बरं झालं,” एवढंच म्हणायचं आणि हात सैल सोडायचा.

॥ जय गुरुदेव ॥