शेजारासकट गाव

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला निघालेली गाडी आरे-वारेच्या चढणीवर हमखास थांबते. खाली सुरूचं बन, पुढे आलेल्या डोंगराच्या दोन अंगांना दोन पुळणी. फोटो झाले की गाडी सुटते. पाहुण्याच्या लेखी आरे-वारे म्हणजे एक देखावा. प्रत्यक्षात ती दोन गावं आहेत, आणि काळबादेवी, बसणी, काजिरभाटी, नेवरे, भंडारपुळे हा सगळा त्यांचा शेजार.

खाड्यांवर पूल नव्हते तेव्हा गणपतीपुळ्याला निवळी-जाकादेवीचा वळसा घालून जावं लागे. आता किनाऱ्याने पंचवीसेक किलोमीटरांत माणूस पोचतो. रस्ता झाला हे बरंच झालं. पण त्याने गावं जोडली त्याहून शहर आणि देऊळ जास्त जोडलं, असं मला वाटतं.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. राज्य वाढत असताना हा जिल्हा आटला. अशा मुलखात एकटं गाव मोजायला घेतलं की ते कमीच भरणार. इथली माणसं तसं मोजत नाहीत. सोयरीक एका गावात, दळण दुसऱ्या, डॉक्टर तिसऱ्या. शिमग्यात पालखी दारात येणार म्हणून मुंबईकर वर्षभराचं कुलूप काढतो, ओटी भरायला शेजारच्या गावातली माहेरवाशीण येते. सगळं गोडगोड असतं असंही नाही. मानपानावरून आणि हद्दीच्या गडग्यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरणारी घरं कोकणात कमी नाहीत. पण अबोला धरायलाही शेजारी लागतोच!

स्पेनमध्ये आठ हजारांवर नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक हजारापेक्षा कमी वस्तीच्या. तिथे कित्येक गावं आपापली पालिका राखून पाणी आणि कचरा मात्र एकत्र सांभाळतात. आपल्याकडे 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. दोन्हीकडे शब्द एकत्र येण्याचेच. फरक असा, की तिथे गावं आपण होऊन हात धरतात आणि इथे पट मोजून वरून हात बांधला जातो. आषाढातल्या पावसात सहा वर्षांचं पोर कोणत्या वाटेने, कोणत्या गावच्या शाळेत धाडता येईल, हे कोणत्याही वाडीतली आई उभ्या उभ्या सांगेल. प्रस्तावाच्या नमुन्यात तिच्यासाठी एक रकाना ठेवायला काय हरकत होती?