परक्या देवघरी जाण्यापूर्वी



येत्या मार्गशीर्षात फोंड्याकडील एका गावी आमचे तीन दिवस कीर्तन ठरले आहे. फडावरील अठरा मंडळी बरोबर येणार. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही दर्शने व्हावयाची हे तर ठरलेलेच. परंतु यादी करीत बसलो असता आमच्या पखवाजवाल्याच्या मुलीने आणखी एक ठिकाण सांगितले. ही मुलगी शाळेत इतिहास शिकवते. ती म्हणाली, "बुवा, जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल पाहू या." झाले! बैठक एकदम गप्प. मग विणेकरी म्हणाले, "गळ्यात माळ घालून तिथे जायचे? ज्यांनी आपली देवळे पाडली त्यांच्या देवळात?" दुसरे कोणी म्हणाले, "अहो, नुसते पाहून यायचे. त्यात काय बिघडले?" निर्णय माझ्यावर आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण दोन्ही बोलणी मला अपुरी वाटत होती.

'नुसते पाहून यायचे' हे बोलणे मला विणेकऱ्यांच्या रागाहूनही अधिक खटकले. जेथे कोणी गुडघे टेकून देवाला आळवीत आहे, तेथे नुसते पाहण्यासारखे काय असते? पंढरीस नामदेव पायरीपाशी उभे राहून एखाद्याने आपल्याकडे 'नुसते' पाहिले, तर आपल्याला कसे वाटेल? जावयाचे तर काही जाणून, काही ठरवून जावे. म्हणून मी त्या मुलीकडून पुस्तके मागवून घेतली आणि महिनाभर वाचीत बसलो. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

'से' म्हणजे आसन. कॅथेड्रल ह्या शब्दाच्या पोटातही आसनच आहे. धर्मगुरूंची गादी जेथे असते ते मुख्य देऊळ. आपण पीठ म्हणतो, तसेच म्हणा ना. हे देऊळ बांधावयास १५६२ साली आरंभ झाला, मुख्य इमारत १६१९ साली उभी राहिली आणि आतील वेद्यांचे काम पुढे १६५२ पर्यंत चालले. म्हणजे आजोबाने पाहिलेला पाया आणि नातवाने पाहिलेला कळस. लांबी २५० फूट, रुंदी १८१ फूट. पुढे दोन मनोरे होते, त्यांतला एक १७७६ साली पडला तो पुन्हा बांधला नाही. म्हणून दर्शनी बाजू आजही एका अंगाने रिकामी दिसते. राहिलेल्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. सभोवारचे शहर रोगराईने ओस पडले, १८४३ साली राजधानी पणजीस गेली, आणि देवळे मागे राहिली. १९८६ पासून ही सर्व वास्तू जागतिक वारसा म्हणून गणली जाते.

हे झाले दगडमातीचे. मला थांबवले ते आतल्या देवतेने. देवता म्हणू नये, संत म्हणावे. हे देऊळ अलेक्झांड्रिया नगरीच्या संत कॅथरीनचे आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्फोन्सो द आल्बुकेर्क याने गोवे जिंकले. तो ह्या बाईंचा सणाचा दिवस होता, म्हणून विजयाची खूण म्हणून देऊळ तिच्या नावे झाले. आता ही कॅथरीन कोण? त्यांच्या परंपरेत आख्यान असे की, ती विद्वान कुमारी होती. बादशहाने आज्ञा केली की, माझ्या देवांना बळी दे. ती नाही म्हणाली. बादशहाने मोठमोठे पंडित आणून तिच्याशी वाद मांडला, तर पंडितच हरले. मग तिला चाकावर घालून मारण्याचे ठरले. ते चाक मोडले, तेव्हा तिचा शिरच्छेद केला. गाभाऱ्याच्या जागी सोन्याचा वर्ख दिलेली भव्य लाकडी मखर आहे, तीवर तिचेच चरित्र कोरले आहे.

वाचकहो, जरा थांबा येथे. राजाज्ञेने देव बदलणार नाही, प्राण गेला तरी बेहत्तर, असे म्हणणारी ही बाई. आणि तिच्या नावाने ज्यांनी नगर घेतले, त्यांच्या राज्यात काय घडले? तिसवाडी, बारदेश, साष्टी येथील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. लोकांना राजाज्ञेने सांगितले गेले की, देव बदला, नाहीतर गाव सोडा. १५६० साली धर्मन्यायालय आले, ते मध्ये थोडा खंड पडून १८१२ पर्यंत चालले. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते लोकांनी नदीपार नेली, आणि म्हणूनच आज आपण फोंड्याच्या बाजूस त्यांच्या दर्शनाला जातो. आपल्या घरचा देव उचलून नावेत बसणाऱ्या त्या माणसांनी काय केले? कॅथरीनने केले तेच केले. बादशहाला नाही म्हटले. तिच्या मखरीपुढे जे उभे होते त्यांना हे दिसले नाही. मखर मात्र तेच सांगत राहिली. सोन्याने मढवलेल्या गोष्टी वाचावयाची सवय सत्तेला नसते, दुसरे काय!

तेव्हा विणेकऱ्यांचा राग खोटा नाही. 'झाले ते विसरा' असे मी त्यांना सांगणार नाही. जे विसरावयास सांगतात त्यांच्या घरचे बहुधा काही गेलेले नसते. पण आठवण ठेवणे निराळे आणि ती आठवण आज तेथे बसलेल्या म्हातारीच्या अंगावर टाकणे निराळे. कर्म कर्त्याला चिकटते हा आपला सिद्धांत आहे ना? मग चारशे वर्षांपूर्वीच्या हुकुमाचे पाप, आज पहाटे उठून मेणबत्ती लावावयास आलेल्या बाईच्या पदरात कोणत्या शास्त्राने घालायचे? शिवाय ती बाई कोण? पुष्कळदा ती त्याच गावची लेक, त्याच कुळातली. एक भाऊ देव घेऊन नदीपार गेला, दुसरा जमीन आणि म्हातारे आईबाप सोडवेनात म्हणून मागे राहिला. गेला तो आपला. राहिला तो परका कसा? म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला आजही हिंदू माणसे तेल वाहतात. लोकांना जे उमजले आहे ते आम्हा बुवालोकांना उमजावयास वेळ लागतो.

मला तर फारच वेळ लागला. आज हे लिहावयास बसलो म्हणून सांगून टाकतो. तीस वर्षांमागे वसईच्या बाजूस एका गावी माझे कीर्तन होते. उत्तररंगाला मी फिरंग्यांचे आख्यान लावले. तरुण वय, आवाज चढता. जे घडले ते सांगितलेच, पण त्याहून चार शब्द अधिक बोललो, आणि ते शब्द गेलेल्या फिरंग्यांना नव्हते. गावात राहणाऱ्यांना होते. टाळ्या पडल्या. आरती झाली. लाऊडस्पीकरवाला वायरी गुंडाळीत होता. मी त्याला नाव विचारले, ते ख्रिस्ती निघाले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बुवा, आवाज नीट पोचला ना शेवटपर्यंत?" एवढेच. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. माझे शब्द गावभर पोचविण्याचे काम त्याने इमानाने केले होते. मी दक्षिणा घेऊन आलो, पण ते आख्यान पुन्हा त्या रीतीने लावले नाही. क्षमा मागावयास मात्र मी गेलो नाही. आज-उद्या करीत वर्षे गेली. पुढे कळले की तो वारला.

असो.

त्या वाचनात आणखी एक गोष्ट सापडली, ती आपल्याला गोड वाटेल. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यास आला आणि जन्मभर तेथेच राहिला. त्याने ख्रिस्तपुराण रचले, मराठीत, आणि तेही ओवीत! सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ साली राचोल येथे छापले. आपले नाथमहाराज १५९९ साली पैठणास गेले, तेव्हा हा मनुष्य वीस वर्षे आपली भाषा ऐकत होता. ग्रंथाच्या आरंभी प्रसंग असा आहे की, नवे ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीबाबांना म्हणतात, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरी द्या. किती भूक असेल ती! देव बदलला, नाव बदलले, पण संध्याकाळी बसून ओवी ऐकल्याशिवाय दिवस मावळेना. स्टीफन्स १६१९ साली वारला, म्हणजे ज्या वर्षी हे देऊळ उभे राहिले त्याच वर्षी. त्याच्या स्वामींनी पुराणे बंद केली हे मी विसरत नाही. पण माउलींच्या ओवीला जो शरण आला, त्याला मी परका म्हणू शकत नाही.

विणेकरी हे सर्व ऐकून म्हणाले, "बुवा, पण त्यांनी आपल्या लोकांना दाराशी अडवले." मी म्हटले, "होय. आणि आपण?" चोखोबांची समाधी पंढरीस कोठे आहे? महाद्वारी, पायरीसमोर, बाहेर. आत नाही. शेकडो वर्षे त्यांच्या ज्ञातीच्या माणसाला पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवता आले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. त्या उपोषणाला विरोध करणारे परदेशातून आले नव्हते. माळा घातलेलेच होते. माझ्या गुरुघरी ह्या विषयावर बोलणे होत नसे, ते मौन मला लहानपणी थोरपणाचे वाटे. विणेकरी काही बोलले नाहीत. वीणा मात्र खाली ठेवली नाही त्यांनी.

तर जावयाचे ठरले. कसे जावयाचे तेही ठरवले. ३ डिसेंबरला तेथे फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते. बेळगाव, कारवार, सिंधुदुर्गाकडून ख्रिस्ती मंडळी पायी चालत येतात, अगदी आपल्या दिंडीसारखी. त्या संताचे शरीर समोरच्या बॉम जेझू देवळात असते आणि दहा वर्षांनी एकदा दर्शनासाठी कॅथेड्रलमध्ये आणतात. मागले दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झाले. आपण फेस्ताची गर्दी ओसरल्यावर जाऊ. मिस्सा चालू असेल तर पाहुण्यासारखे हिंडू नये, मागच्या बाकावर बसावे किंवा बाहेर थांबावे. खांदे झाकलेले असावेत. मोबाइल पिशवीत. टाळ गाडीत. जयजयकार मनातल्या मनात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्या मंडळींचा स्वभाव मला ठाऊक आहे. मिस्सेच्या शेवटाकडे पाद्री भाविकांना पातळ वडी देतात. आपण ओळ दिसली की उभे राहतो आणि प्रसाद दिसला की हात पुढे करतो. तेथे करू नये. तो प्रसाद नव्हे, ती त्यांची दीक्षा घेतलेल्यांसाठी असलेली फार पवित्र वस्तू आहे. हात आवरणे हाच तेथे नमस्कार.

हात जोडावे की नाही, हा प्रश्न मुलीने विचारला. मी म्हटले, कॅथरीनच्या मखरीपुढे मी जोडीन. ज्याला जमणार नाही त्याने जोडू नयेत. भाव उसना आणता येत नाही. विणेकऱ्यांनी बाहेर अंगणात नाम घेत बसायचे ठरवले आहे, आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

तेथून धक्का जवळच आहे. फेरीने पलीकडे दिवाडी बेटावर जाऊ. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ त्याच बेटावर होते, पोर्तुगीजांनी पाडले. तेथून दुसऱ्या फेरीने नार्वे. तेथे शिवछत्रपतींनी १६६८ साली देवाला पुन्हा घर बांधून दिले. त्याचा जीर्णोद्धार २०२३ साली झाला. सकाळी मखर, दुपारी नदी, संध्याकाळी सप्तकोटेश्वराची सांजवात. नदी ओलांडताना कोणी बोलू नये, असे मी सर्वांना सांगून ठेवले आहे. जे लोक देव घेऊन असेच पाणी ओलांडत गेले, त्यांची तेवढ्यापुरती सोबत.

बैठक उठता उठता आमच्या फडावरील सर्वांत वडील माउलींनी विचारले, "बुवा, तिथं चपला कुठं काढायच्या?" मी म्हटले, "आजी, ते लोक पायात घालूनच आत जातात." त्या थोडा वेळ विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "जाऊ देत. मला नाही जमायचं. मी आपल्या पिशवीत घेईन, कुणाला दिसायच्या नाहीत."