दैवाचा क्रमांक पाचवा

डोंगरातल्या खडकाळ वाटेवर जीपचा मागचा ॲक्सल तुटतो, चाक निखळून उताराने घरंगळत जाते, गाडी कुशीवर कलंडते आणि आतली माणसे खरचटण्यावर निभावून बाहेर येतात. अशा वेळी पहिले वाक्य ठरलेले असते : देवाने वाचवले. त्यावर आस्तिक मान डोलावतो, नास्तिक हसतो आणि देव आहे की नाही या जुन्या वादाला तोंड फुटते. त्या वादाआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. हे वाक्य बोलणारा आभार मानतो आहे, की आपण का वाचलो त्याचे कारण सांगतो आहे? आभार म्हणून त्याच्यावर कुणाचाही आक्षेप असू नये. कारण म्हणून मात्र ते अपुरे आहे, जे वाचले नाहीत त्यांच्यावर अन्याय करणारे आहे आणि उद्या त्याच गाडीत बसणाऱ्यांच्या जिवावर बेतणारे आहे. हे दाखवण्यासाठी धर्मविचाराच्या बाहेर जाण्याचीही गरज नाही.

सुरुवात पोलादापासून करू. ॲक्सल तुटल्याचा आवाज एका क्षणाचा असला तरी तुटण्याची क्रिया बहुधा पुष्कळ आधी सुरू झालेली असते. वजन पेलत फिरणाऱ्या शाफ्टचा पृष्ठभाग प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. जिथे जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यात किंवा गंजाने पडलेल्या खळगीत केसासारखा तडा जातो आणि फेऱ्यागणिक आत सरकतो. उरलेल्या धड भागाला भार पेलवेनासा झाला की तो एका झटक्यात तुटतो. तुटलेल्या तोंडावर हा इतिहास उमटलेला असतो : तडा सावकाश सरकला तो भाग गुळगुळीत, त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वळणदार रेषा आणि शेवटी तुटलेला भाग खरखरीत. खडकाळ वाटेवर यात आणखी भर पडते. हवेत उचललेले चाक गरगर फिरत असताना खाली येऊन एकदम दगडाला पकडते, तेव्हा शाफ्टला जबर पीळ बसतो. हौसेने बसवलेले मोठे टायर तो पीळ वाढवतात. पुढचे गाडीच्या रचनेवर ठरते. काही गाड्यांत गाडीचे वजन आणि चाक दोन्ही शाफ्टच्याच टोकावर असतात. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक तुकड्यासकट निघून जाते. ज्या गाड्यांत चाकाचा हब ॲक्सलच्या हाउसिंगवर स्वतंत्र बेअरिंगांवर बसवलेला असतो, तिथे शाफ्टला फक्त चाक फिरवायचे असते. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. खडक तोच, चालक तोच, तरी एकाचे चाक जाते आणि दुसऱ्याचे राहते.

हे ज्ञान माणसाला फुकट मिळालेले नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल म्यूदोंजवळ तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. डब्यांची दारे बाहेरून बंद असल्यामुळे अनेकांना उतरताच आले नाही. अंटार्क्टिकाच्या सफरीने नाव कमावलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्यूरव्हील पत्नी आणि मुलासह त्यात गेला. अपघाताच्या जागी मृतांच्या स्मरणार्थ एक चॅपल उभे राहिले. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या विल्यम रँकिनने तुटलेले ॲक्सल तपासून तडे कसे सरकतात ते मांडले आणि कोपरे गोलसर ठेवण्याचा आग्रह धरला. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलरने वर्षानुवर्षे ॲक्सल मुद्दाम तुटेपर्यंत फिरवून किती भाराला पोलाद किती फेरे टिकते याचा हिशेब मांडला. चॅपल बांधणाऱ्यांनी मृतांचे स्मरण जपले; रँकिन आणि व्होलर यांनी पुढचे मृत्यू टाळले. दोन्ही कामे आदराची आहेत, पण एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आता गीतेकडे वळू. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण त्याला एकटेही सोडलेले नाही. कलंडलेल्या जीपला ही यादी लावून पाहावी. अधिष्ठान म्हणजे ती जमीन आणि गाडीचा सांगाडा. कर्ता म्हणजे चाक गेल्यावर घाबरून ब्रेकवर उभा न राहता ॲक्सिलरेटर सोडणारा, स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी आपसूक मंदावू देणारा चालक. साधने म्हणजे सीटबेल्ट आणि छत चेपू न देणारा रोल केज. क्रिया म्हणजे कमी ठेवलेला वेग आणि निघण्यापूर्वी आवळलेले नट. एवढे मोजून झाल्यावर जे उरते ते दैव. याज्ञवल्क्य स्मृतीने तर रथाचाच दाखला दिला आहे : एका चाकावर रथ चालत नाही, तसे प्रयत्नावाचून दैव फळत नाही. पहिली चार कारणे गाळून पाचव्याचा जयजयकार करणे म्हणजे या परंपरेला अर्धेच ऐकणे होय.

यावर पहिला आक्षेप असा, की हा हिशेब माणसाला गर्विष्ठ करतो. सगळे श्रेय चालकाला आणि लोखंडाला जाते. गीतेने हे ओळखले आहे. पाच कारणे सांगून झाल्यावर लगेच, जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समजूत कच्ची आहे, असेही तिथे बजावले आहे. ‘मी वाचवली गाडी’ म्हणणारा चालकही अर्धेच सांगतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्होलरच्या पद्धतीच्या चाचण्यांतही एकाच घडणीचे दोन नमुने एकाच भाराला निरनिराळ्या फेऱ्यांनी तुटतात. मग ॲक्सल कड्याच्या टोकावर न तुटता सपाटीवर तुटला याला दैव म्हणू नये तर काय म्हणावे? जरूर म्हणावे. पण त्याला आपल्यासाठी केलेली निवड म्हणता येणार नाही, कारण तसे म्हटले की कड्यावर ज्याचा तुटला त्याच्याविषयी काय म्हणायचे हा प्रश्न उभा राहतो. रोमन विचारवंत सिसेरोने सांगितलेल्या कथेत एक मित्र नास्तिक डायगोरसला मंदिरातली, वादळातून वाचलेल्यांनी वाहिलेली चित्रे दाखवतो. डायगोरस उत्तर देतो, की बुडालेल्यांची चित्रे कुणी लावलेली नाहीत. वाचलेला बोलतो, मेलेला बोलत नाही. म्हणून वाचलेल्याच्या साक्षीवरून देवाचा हेतू ठरवता येत नाही. मेलेला कमी पुण्यवान होता, असे त्याच्या आईला सांगण्याची हिंमत ज्याला नाही, त्याने आपल्या पुण्याईचाही दाखला देऊ नये.

तिसरा आक्षेप भाविकाचा आहे आणि तो मला मान्य आहे : देव कारणांच्या द्वारेच काम करतो, बेअरिंग आणि रोल केज हीही त्याचीच रूपे. असे असेल तर ते शेवटपर्यंत मानावे. मग बेअरिंगचा आवाज ऐकूनही गाडी डोंगरात नेणे ही त्याचीच अवज्ञा ठरते. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे आधी स्वच्छ करतात, मग पुजतात. दसऱ्याला गाडी धुतल्यावरच झेंडूचा हार चढतो. चाकाखाली लिंबू ठेवायला वाकलेल्या माणसाला त्याच वेळी नटही पाहता येतात.

तेव्हा वाचलेल्याने नवस जरूर फेडावा. पण तुटलेला शाफ्ट भंगारात टाकण्याआधी त्याचे तोंड उजेडात नीट पाहावे, दुसऱ्या बाजूचा शाफ्टही काढून तपासून घ्यावा आणि जे आढळले ते त्या वाटेने जाणाऱ्या इतरांना सांगावे. नवस फेडून हे एवढे टाळणारा माणूस भाविक असेल, कृतज्ञ नक्कीच नाही.